वयस्कांची स्मरणशक्ती आणि बेरीच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लूबेरी, क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी आई-बाबांची स्मरणशक्ती सुधारेल का?

या फळांचा थोडा फायदा काही चाचण्यांत दिसला आहे. पण तो बहुतेक वाटीभर फळाचा किंवा रोज नऊ ते सव्वीस ग्रॅम भुकटीचा होता. दुकानात मिळणारी साधी ब्लूबेरी कॅप्सूल असते अर्ध्या ग्रॅमची. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या एका फरकात आहेत, म्हणून तो आधीच सांगितला. स्मृतिभ्रंश बरा होतो किंवा थांबतो, असं मात्र कुठल्याही बेरीने दाखवलेलं नाही.

बेरीचा आणि मेंदूचा संबंध काय?

फळाला निळा, जांभळा, लाल रंग देणारी अँथोसायनिन नावाची द्रव्यं हा यातला मुख्य दुवा मानला जातो. १९९९ साली अमेरिकेत बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी म्हाताऱ्या उंदरांच्या खाद्यात ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी आणि पालकाचा अर्क मिसळला. उंदरांची स्मृती सुधारली आणि ब्लूबेरी खाणाऱ्यांचा तोलही सुधारला. माणसांवरच्या चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या.

पूर्वी याचं स्पष्टीकरण 'अँटिऑक्सिडंट' या एका शब्दात दिलं जाई. ते आता पुरेसं मानत नाहीत. खाल्लेल्या अँथोसायनिनपैकी फार थोडा भाग जसाच्या तसा रक्तात जातो. उरलेला मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू त्याचे लहान तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात शोषले जातात. त्यांचा सगळ्यात स्पष्ट परिणाम दिसतो तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर: वाहिनी अधिक सहज रुंदावते, वरचा रक्तदाब किंचित उतरतो. मेंदूचं पोषण रक्तावरच चालतं, त्यामुळे हा मार्ग पटण्यासारखा आहे.

डबीवर 'ओरॅक' नावाचा भलामोठा अँटिऑक्सिडंट आकडा दिसला तर दुर्लक्ष करा. तो परीक्षानळीतला आकडा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याची यादी २०१२ मध्येच संकेतस्थळावरून काढून टाकली. शरीरातल्या परिणामाशी त्याचा संबंध लागत नव्हता आणि जाहिरातदार मात्र तो बिनदिक्कत वापरत होते.

संशोधनात नेमकं काय आढळलं?

सुरुवात मोठ्या निरीक्षणापासून करू. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातल्या सत्तरीपुढच्या १६,०१० स्त्रियांची माहिती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्यांच्या बुद्धीची घसरण हळू होती. फरक वयाच्या हिशेबात मांडला तर जास्तीत जास्त अडीच वर्षांचा. जास्त म्हणजे किती, तर ब्लूबेरी आठवड्यातून एकदा आणि स्ट्रॉबेरी दोनदा, एका वेळी अर्धा कप. मात्र बेरी नियमित खाणारी बाई बहुधा खाऊन-पिऊन सुखी, शिकलेली आणि हिंडती-फिरती असते. संशोधक हिशेबातून या गोष्टी वजा करतात, पण त्या पूर्ण वजा होतात असं नाही.

चाचण्यांचं चित्र असं आहे. २०१० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात विस्मरण जाणवू लागलेल्या ९ वयस्कांना १२ आठवडे जंगली ब्लूबेरीचा रस दिला. शब्दांच्या जोड्या शिकणं आणि यादी आठवणं सुधारलं. माणसं नऊच, आणि रस रोज जवळजवळ अर्धा लिटर. २०१८ मध्ये टफ्ट्समध्येच ६० ते ७५ वयाच्या ३७ जणांवर चाचणी झाली. रोज २४ ग्रॅम ब्लूबेरी भुकटी, ९० दिवस. तोच शब्द पुन्हा-पुन्हा सांगण्याची चूक कमी झाली, चालणं आणि तोल यांत फरक नाही. २०२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चाचणीत ६५ ते ८० वयाच्या ६१ धडधाकट माणसांपैकी निम्म्यांना रोज २६ ग्रॅम जंगली ब्लूबेरी भुकटी मिळाली. तिच्यात ३०२ मिलिग्रॅम अँथोसायनिन होतं. १२ आठवड्यांनी ऐकलेली यादी लगेच आठवणं सुधारलं, वरचा रक्तदाब साधारण साडेतीन अंकांनी उतरला. मेंदूतला रक्तप्रवाह मात्र वाढला नाही.

क्रॅनबेरीची माहिती इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाची, २०२२ सालची. ५० ते ८० वयाचे ६० लोक, दिवसातून दोनदा साडेचार ग्रॅम भुकटी, १२ आठवडे. पाहिलेल्या गोष्टी आठवणं सुधारलं, एलडीएल कोलेस्टेरॉल उतरलं. कार्यकारी स्मृती (माहिती काही क्षण डोक्यात धरून तिच्यावर काम करणं) यासारख्या इतर कसोट्यांत फरक पडला नाही.

या सगळ्यांतून जाणवणारी गोष्ट अशी, की प्रत्येक चाचणीत सुधारणा कुठल्या तरी एक-दोन कसोट्यांत असते आणि त्या कसोट्या दर वेळी वेगळ्या असतात. दहा कसोट्या घेतल्या की एखादीत योगायोगानेही फरक दिसतो. शिवाय बऱ्याच चाचण्यांना ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी उत्पादकांच्या संघटनांनी पैसा पुरवलेला आहे. तेवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. वाचताना भान ठेवावं, इतकंच.

'माइंड डाएट'मध्ये बेरी आहेत ना? तो तर सिद्ध झालाय असं ऐकलं.

शिकागोच्या रश विद्यापीठाने मेंदूच्या आरोग्यासाठी २०१५ मध्ये मांडलेल्या त्या आहारात फळांपैकी फक्त बेरींना वेगळी जागा आहे, आठवड्यातून किमान दोनदा. निरीक्षणात आकडे फार छान होते. पुढे ६०४ लोकांवर तीन वर्षांची रीतसर चाचणी झाली, तिचा निकाल २०२३ मध्ये आला. माइंड आहार घेणारे आणि नेहमीच्या आहारात थोड्या कॅलरी कमी करणारे, दोन्ही गटांचे गुण थोडे वाढले. दोघांत म्हणावा असा फरक नव्हता.

कॅप्सूलमध्ये नेमकं किती फळ असतं?

हा हिशेब घरी करता येतो. ताज्या ब्लूबेरीत साधारण ८४ टक्के पाणी असतं. म्हणजे १५० ग्रॅम, एक कपभर फळ गोठवून वाळवलं की सुमारे २४ ग्रॅम भुकटी उरते. त्या हिशेबाने ५०० मिलिग्रॅम भुकटीची कॅप्सूल म्हणजे तीन ग्रॅम ताजं फळ. एक ब्लूबेरी एक ते दोन ग्रॅमची असते. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन कॅप्सूल घेतल्या तर दिवसाला चार-पाच बेरी पोटात गेल्या. चाचणीएवढी भुकटी कॅप्सूलमधून घ्यायची तर रोज ४८ गिळाव्या लागतील!

'थोडं तरी मिळेल' हा युक्तिवादही तपासून झाला आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या २०१८ च्या चाचणीत ६५ ते ८० वयाच्या १२२ लोकांचे गट करून कुणाला ५०० मिलिग्रॅम जंगली ब्लूबेरी भुकटी, कुणाला १००० मिलिग्रॅम, कुणाला १०० मिलिग्रॅम शुद्ध अर्क आणि कुणाला नुसती दिखाऊ, आत बेरी नसलेली कॅप्सूल दिली. भुकटीच्या दोन्ही मात्रांनी स्मृतीत फरक पडला नाही. अर्काच्या गटात तिसऱ्या महिन्यात सुधारणा दिसली, सहाव्या महिन्यात ती टिकली नव्हती.

म्हणून 'भुकटी' आणि 'अर्क' हे शब्द लेबलवर नीट वाचा. दिसायला गोळी तीच, आतला माल वेगळा.

लेबलवर '३६ टक्के अँथोसायनिन', '१०:१ अर्क' असं असतं. त्याचा अर्थ कसा लावायचा?

टक्के दिले असतील तर गुणाकार करा. १६० मिलिग्रॅम बिलबेरी अर्क, ३६ टक्के अँथोसायनिन, म्हणजे कॅप्सूलमागे सुमारे ५८ मिलिग्रॅम. किंग्ज कॉलेजच्या चाचणीतल्या ३०२ मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. (बिलबेरी ही युरोपातली ब्लूबेरीची चुलतबहीण, तिचा गरही जांभळा असतो, ब्लूबेरीचा फिकट.) काही डब्यांवर त्याच प्रतीच्या अर्काला '२५ टक्के अँथोसायनिडिन' म्हटलेलं असतं. अँथोसायनिडिन म्हणजे साखरेचा रेणू काढलेलं अँथोसायनिन, त्यामुळे वजन कमी भरतं. २५ आणि ३६ हे त्याच मालाचे दोन आकडे आहेत. ३६ वाली डबी जास्त तेज समजून जास्त पैसे मोजू नका.

'१०:१' चा अर्थ दहा किलो कच्च्या मालापासून एक किलो अर्क काढला, एवढाच. तो कच्चा माल ताजा होता की सुका, त्यातून अँथोसायनिन किती उतरलं, ते यातून कळत नाही. ताजा धरला तर १०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे एक ग्रॅम फळ, म्हणजे एक बेरीसुद्धा धड नाही.

आणि 'प्रोप्रायटरी ब्लेंड ६०० मिलिग्रॅम' लिहून खाली आठ फळांची नावं असतील तर ती डबी परत फडताळावर ठेवा. कुठलं फळ किती, हे सांगायचं नसलं की असा एकत्रित आकडा छापतात.

किमतीची तुलना कॅप्सूलच्या संख्येवर करू नये. डबीची किंमत भागिले डबीतलं एकूण अँथोसायनिन, हा भागाकार करा. लेबलवर तो आकडाच नसेल तर तुलना करण्यासारखं हातात काही नाही.

मग चाचणीतल्यासारखी भुकटीच घेतली तर? किती आणि कशी?

घेता येते, पण खर्चाचा अंदाज आधी घ्या. रोज २४ ग्रॅम म्हणजे १०० ग्रॅमचं पाकीट चार दिवसांत संपतं, आणि १२ आठवड्यांना दोन किलो लागते. हा आकडा पाहून बरेच जण गोठवलेल्या फळाकडे वळतात, आणि ते शहाणपणाचं आहे. गोठवलेल्या फळात अँथोसायनिन चांगलं टिकतं. पाकिटावर घटक म्हणून फक्त फळाचं नाव हवं, साखर नको.

भुकटी घेणार असाल तर घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन आहे का बघा. फवारून वाळवलेल्या भुकटीत ते असतं, त्यामुळे वजनातला काही भाग पिठूळ भरताड असतो. गोठवून वाळवलेली भुकटी महाग पडते, पण तिच्यात सहसा फळच असतं. चमच्याचा भरवसा धरू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. पहिला आठवडा ६ ते ८ ग्रॅम, दुसरा १२, मग हवं तर २४, दोन वेळांत विभागून. एकदम सुरू केलं की पोट फुगतं, काहींना पातळ होतं.

दह्यात किंवा ताकात कालवणं सगळ्यात सोयीचं. अँथोसायनिन आंबट पदार्थात टिकतं, उष्णतेने मोडतं. उकळत्या दुधात घातलं की रंग राखाडी पडतो, आणि उष्णतेने रंगद्रव्यही मोडतं. जॅम आणि मुरंब्याचंही तेच, वरून साखर. स्मूदी करायची तर केळं टाळावं. केळ्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) फळातली फ्लॅव्हनॉल ही वेगळी, पण उपयोगी द्रव्यं मोठ्या प्रमाणात नष्ट होतात, हे २०२३ च्या एका छोट्या प्रयोगात दिसलं आहे.

गोळीत खरी बेरी आहे की नुसता रंग? घरी तपासता येतं का?

काही अंशी. बिलबेरीच्या अर्कात ॲमरंथ नावाचा कृत्रिम लाल रंग मिसळल्याचं प्रकरण २००६ मध्ये प्रसिद्ध झालं होतं, आणि महाग बेरीच्या नावाखाली काळा तांदूळ किंवा तुती यांचा स्वस्त अर्क खपवणं हा या धंद्यातला जुना रोग आहे.

कॅप्सूल उघडून भुकटी अर्धी वाटी पाण्यात ढवळा, गाळा आणि दोन काचेच्या पेल्यांत वाटा. एकात लिंबाचे पाच-सहा थेंब पिळा, दुसऱ्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाका. खरं अँथोसायनिन लिंबाने लख्ख लाल-गुलाबी होतं आणि सोड्याने निळसर, हिरवट किंवा करडं. कोकमाचं पाणी सोडा लागल्यावर रंग बदलतं, तीच ही गंमत. दोन्ही पेल्यांत रंग तसाच लाल राहिला तर कृत्रिम रंग किंवा बिटाची शंका घ्या.

या कसोटीला मर्यादा आहे. ती अँथोसायनिन आहे का ते सांगते, कुठल्या फळाचं आणि किती ते सांगत नाही. जांभूळ, काळा तांदूळ, जांभळा कोबी सगळेच यात पास होतात. ते वेगळं ओळखायला प्रयोगशाळेतली एचपीएलसी (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारी) तपासणी लागते. म्हणून कंपनीकडे त्या बॅचचं तपासणीपत्र मागा. बॅच क्रमांक जुळणारं पत्र मिळालं तर चांगलं. सगळ्या ग्राहकांना एकच जुनं पत्र पाठवलं जात असेल तर त्याला अर्थ नाही.

जांभूळ, करवंद, तुती, कोकम आपल्याकडे आहेतच. ती चालणार नाहीत का?

रंगद्रव्याच्या दृष्टीने ती ब्लूबेरीच्या पंक्तीत बसतात. जांभळात डेल्फिनिडिन, माल्व्हिडिन अशी ब्लूबेरीतलीच अँथोसायनिन सापडतात. मात्र स्मृतीच्या वरच्या चाचण्या या फळांवर झालेल्या नाहीत, त्यामुळे 'जांभळाने स्मरणशक्ती वाढते' असं लिहिलेली बाटली जास्तीचं बोलतेय. फळ म्हणून खायला काहीच हरकत नाही.

वर्षाचं गणित असं बसवता येईल: हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, जानेवारी ते एप्रिल नाशिक-सांगलीची काळी द्राक्षं सालीसकट (रंगद्रव्य सालीतच असतं), उन्हाळ्यात करवंद आणि फालसा, पावसाच्या तोंडावर जांभूळ. जांभळाचा गर काढून, वाटीभराच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाकला तर पुढचे तीन-चार महिने निघतात. परीक्षानळ्यांतल्या आकड्यांपेक्षा ही सवय जास्त टिकते आणि खिशाला झेपते.

कोकमात अँथोसायनिन भरपूर आहे, पण आगळात मीठ असतं आणि सरबतात साखर. रक्तदाबाच्या माणसाने बिनमिठाचं आमसूल (सुकं कोकम) भिजवून पाणी घ्यावं. आवळा गुणी आहे, पण त्याचे गुण क जीवनसत्त्व आणि टॅनिनचे. अँथोसायनिनच्या रांगेत तो बसत नाही. च्यवनप्राशातही आवळ्याबरोबर बरीच साखर पोटात जाते.

जांभळाच्या बियांची पूड हा वेगळा विषय. ती साखर उतरवण्यासाठी घेतली जाते आणि ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर खाली घसरू शकते. म्हाताऱ्या माणसात साखर घसरली की गोंधळल्यासारखं होतं, आणि घरचे म्हणतात विसराळूपणा वाढला.

बाबा अलीकडे विसरायला लागलेत. गोळी सुरू करावी का?

आधी तपासणी, मग गोळीचा विचार. विस्मरणाची काही कारणं साधी आणि सुधारता येण्याजोगी असतात. बेरीच्या डबीवर सहा महिने घालवले तर तेवढा काळ ती तशीच राहतात.

ब-१२ जीवनसत्त्व पहिलं. शाकाहारी घरं, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, रोज पॅन्टोप्रॅझोलसारखी ॲसिडिटीची गोळी घेणारे, या तिघांत ते कमी सापडतं, आणि एकाच माणसाला तिन्ही लागू असणं आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. त्याच्या जोडीने थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, सोडियम, क्रिएटिनिन, यकृताची तपासणी, साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांत सोडियम उतरतं आणि माणूस भांबावतो.

मग औषधांची पिशवी. घरातल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आपल्या मनाने आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम, नसांच्या दुखण्यासाठीचं ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, ही सगळी स्मृतीवर धुकं पसरवू शकतात. गोळ्या आपण होऊन बंद मात्र करू नका. अल्प्राझोलाम एकदम थांबवणं धोक्याचं आहे.

ऐकू येणं तपासा. जे नीट ऐकलंच नाही ते आठवणार कुठून? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले आहेत. त्यांत कमी ऐकू येणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल, नैराश्य, एकटेपणा, न सुधारलेली नजर हे आहेत. ज्या घरात बाबांचं श्रवणयंत्र कपाटात पडून आहे आणि ब्लूबेरीची डबी टेबलावर आहे, तिथे क्रम उलटा लागला आहे.

गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक आला असेल, बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय, ताप आहे किंवा नुकतंच डोक्यावर पडले असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे. डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशाच्या गोळीऐवजी बेरी दिली तर?

ऐवजी नाही. वरच्या चाचण्या धडधाकट किंवा नुकतं विसरायला लागलेल्या लोकांवरच्या आहेत. फळ आवडत असेल तर जेवणात जरूर द्या. गिळायला त्रास होत असेल तर कॅप्सूल आणि अख्खी द्राक्षं दोन्ही टाळा, घशात अडकतात. फळ ठेचून दह्यात द्या.

कुठल्या औषधांबरोबर जपावं?

रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन किंवा असिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी सगळ्यात जास्त. क्रॅनबेरी आणि वॉरफॅरिन एकत्र घेतल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) चढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदींवरून ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २००३ पासून इशारे दिले. नंतरच्या नियंत्रित प्रयोगांत साध्या प्रमाणात परिणाम फारसा दिसला नाही, तरी हृदयात कृत्रिम झडप असलेल्या माणसावर हा प्रयोग कशाला? क्रॅनबेरीची पूरक गोळी घेऊच नये. डॉक्टरांना विचारून दुसरं काही सुरू केलंच तर आठवड्याच्या आत आयएनआर करा, आणि बंद करतानाही.

रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या चालू असतील तर भुकटी सुरू केल्यावर उभं राहून दाब मोजा. उठताना अंधारी आली तर डॉक्टरांना कळवा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी सगळी पूरकं थांबवा आणि भूलतज्ज्ञांना यादी द्या. केमोथेरपी चालू असताना कर्करोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय कुठलाही अर्क नको.

त्याच गोळीत गिंको आणि ब्राह्मीही आहे. फायदा दुप्पट ना?

धोका नक्की वाढतो. गिंको म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क. त्याची अमेरिकेत ३,०६९ वयस्कांवर मोठी चाचणी झाली, रोज दोनदा १२० मिलिग्रॅम, निकाल २००८ मध्ये आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याने रक्तस्रावाच्या शक्यतेमुळे गिंको टाळावं. ब्राह्मीने काहींचं पोट बिघडतं, मळमळतं. मिश्रणाची आणखी एक अडचण आहे: काही त्रास झाला तर तो कशामुळे झाला ते कळत नाही.

मधुमेह आहे, बेरी चालतील?

ताजी चालतात. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत साधारण ५ ग्रॅम साखर, ब्लूबेरीत १०. घात होतो तो सुकवलेल्या क्रॅनबेरीत. ती मुळात इतकी आंबट असते की साखरेच्या पाकात मुरवूनच विकतात. पाकिटातल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग साखर असते. बेरीच्या नावाचे 'गमी'सुद्धा साखरेच्या चिकट गोळ्याच.

मूतखड्याचा त्रास असेल तर?

क्रॅनबेरीच्या तीव्र गोळ्यांनी लघवीतलं ऑक्झलेट वाढू शकतं. ऑक्झलेटचे खडे होऊन गेले असतील तर त्या टाळा.

बेरी खाल्ल्यावर शौचाला काळं झालं. घाबरायचं का?

ब्लूबेरी, जांभूळ भरपूर खाल्लं की काळपट, निळसर होतं आणि फळ बंद केल्यावर एक-दोन दिवसांत नेहमीसारखं होतं. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं, त्यात माणूस ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेतोय, तर फळावर ढकलून देऊ नका. तो पोटातला रक्तस्राव असू शकतो.

फरक पडतोय की नाही, कसं ठरवायचं?

'बाबा आता बरे वाटतात' यावरून ठरवू नका. पैसे खर्च केले की फरक दिसायला लागतो, मनुष्यस्वभाव आहे. तीच शब्दांची यादी पुन्हा-पुन्हा विचारली तरी गुण वाढतात, कारण सरावाने यादी पाठ होते. चाचण्यांमध्ये दिखाऊ भुकटी घेणारा गट याचसाठी ठेवतात.

सुरू करण्याआधी दोन आठवडे वहीत रोजच्या घटना टिपा: किती गोळ्या घ्यायच्या राहिल्या, तोच प्रश्न किती वेळा विचारला, गॅस चालू राहिला का, किल्ल्या-चष्मा किती वेळा शोधला. मग १२ आठवडे घ्या. बहुतेक चाचण्यांचा कालावधी तेवढाच आहे. शेवटचे दोन आठवडे पुन्हा टिपा. शक्यतो टिपणारा एकच असावा. मधल्या काळात चष्मा, श्रवणयंत्र, ब-१२ ची इंजेक्शनं असं दुसरं काही सुरू केलं असेल तर श्रेय कुणाचं ते सांगता येणार नाही. आकड्यांत फरक नसेल तर थांबवा.

आम्ही शाकाहारी. कॅप्सूलचं कवच कशाचं असतं?

बरंचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असलेली डबी घ्या; तपकिरी चौकटीतला त्रिकोण मांसाहारी. परदेशी बाटलीवर हे चिन्ह नसतं, तिथे घटकांत एचपीएमसी किंवा सेल्युलोज (वनस्पतीजन्य कवच) लिहिलंय का पाहा.

पावसाळ्यात भुकटीचे खडे होतात.

ती हवेतली ओल शोषते. छोट्या घट्ट डब्यांत वाटून, अंधारात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमधला डबा काढल्याबरोबर उघडू नका. अर्धा तास बाहेर राहू द्या, नाहीतर थंड भुकटीवर दव धरतं आणि खडे तिथूनच होतात. चमचा कोरडा. रंग विटकरी-तपकिरी झाला तर रंगद्रव्य गेलं, टाकून द्या.

मुलगा अमेरिकेहून बाटल्या आणतो. तिकडचा माल खात्रीचा ना?

तिथेही पूरक गोळ्यांना विक्रीआधी परिणाम सिद्ध करून दाखवावा लागत नाही. १९९४ चा कायदाच तसा आहे. अल्झायमर्स बरा करण्याचे दावे करणाऱ्या १७ कंपन्यांना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१९ मध्ये पत्रं धाडली होती. मुलाला आणायचंच असेल तर 'यूएसपी व्हेरिफाइड' शिक्का असलेली बाटली आणायला सांगा. त्याने लेबलवर लिहिलेलं आत आहे एवढं कळतं, उपयोग होतो की नाही ते नाही.

भारतात विकणाऱ्याने 'स्मृतिभ्रंश बरा' असं छापलं असेल तर?

तसं छापता येत नाही. २०१६ च्या न्यूट्रास्युटिकल (पूरक आहाराच्या) नियमांनुसार अशा डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची सूचना हवी आणि रोग बरा करण्याचा दावा नको. एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक त्यांच्या 'फॉसकॉस' संकेतस्थळावर टाकून पाहा. नाव-पत्ता जुळला पाहिजे. क्रमांक खरा निघाला तरी तो अन्न विकण्याचा परवाना आहे, गुणाची पावती नव्हे. तक्रारीसाठी डबीचे चारही बाजूंनी फोटो, बॅच क्रमांक, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. तक्रार एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. डबी रिकामी झाली असली तरी फेकू नका, बॅच क्रमांक तिच्यावरच असतो.